सुई, दोरा आणि नक्षीचा कागद

आयर्लंडचा इतिहास म्हटला की बटाट्याचा दुष्काळ, इंग्रजांचे राज्य, १९१६ चा उठाव आणि येट्स-जॉइस ही साहित्यिक मंडळी, एवढे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. या सगळ्यांतून एक बारीक पांढरा धागा गेलेला आहे. तो आहे आयरिश लेसचा. गरीब, अर्धशिक्षित आणि कुठल्याही इतिहासात नाव नसलेल्या हजारो बायकांनी तो विणला. कलेने दुबळ्या समाजाला उभे करता येते का, आणि केव्हा येते, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर या धाग्याइतका चांगला वाटाड्या मला या देशात दुसरा सापडला नाही.

मी कलासमीक्षक नाही. माझे शिक्षण यंत्र अभियांत्रिकीतले, डॉक्टरेटही त्यातलीच, आणि गेली कित्येक वर्षे पोट भरतो ते सॉफ्टवेअर लिहून. त्यामुळे एखादी वस्तू पाहिली की ती सुंदर आहे की नाही याच्या आधी मला वेगळेच प्रश्न पडतात. ती बनली कशी? आराखडा कोणी काढला? हात कोणाचे लागले? आणि पैसे कोणाच्या खिशात गेले? लेसच्या बाबतीत हे चार प्रश्न विचारत गेलो, तेव्हा जो इतिहास समोर आला तो वाचकांपुढे ठेवतो.

दुष्काळ आणि सुई

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढची काही वर्षे तो पडतच राहिला. १८४१ च्या जनगणनेत या बेटाची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती, ती १८५१ मध्ये ६५ लाख ५२ हजारांवर आली. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली. सरकारने दुष्काळी कामे काढली, म्हणजे रस्ते बांधायचे आणि खडी फोडायची. ज्यांनी १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ पाहिला आहे किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. अंगात त्राण नसलेल्या माणसाने दगड फोडायचे आणि त्या मजुरीवर चढ्या भावाचे धान्य घ्यायचे. १८४७ मध्ये सरकारने सार्वजनिक मुदपाकखाने उघडले, तेही काही महिन्यांपुरतेच.

या काळात जागोजागी पाद्र्यांच्या बायका, जमीनदारांचे कारभारी आणि कॉन्व्हेंटमधल्या जोगिणी यांना एकच गोष्ट सुचली. बायकांच्या हाती सुई द्यावी. त्यामागे साधा हिशेब होता. लेससाठी भांडवल लागते ते सुई, दोरा आणि खिडकीतला उजेड एवढेच. काम घरबसल्या होते. माल वजनाला हलका आणि किमतीला भारी, त्यामुळे डोंगराळ खेड्यातून लंडनच्या दुकानापर्यंत पोचवणे सोपे. गिऱ्हाईक श्रीमंत, म्हणजे गावात दुष्काळ असला तरी बाजार बंद पडत नाही.

लेस त्याआधीही इथे होती. मॉनहन परगण्यातल्या कॅरिकमॅक्रॉसजवळच्या एका पाद्र्याच्या पत्नीने, श्रीमती ग्रे पोर्टर यांनी, १८२० च्या सुमारास इटलीत पाहिलेल्या कामावरून आसपासच्या मुलींना ही कला शिकवायला सुरुवात केली होती. कॅरिकमॅक्रॉस लेसची रीत पाहण्यासारखी आहे. खाली नक्षीचा कागद, त्यावर बारीक जाळीचे कापड, त्यावर मलमल. नक्षीच्या रेषांवरून दोरा ठेवून तो बारीक टाक्यांनी पक्का करायचा आणि मग नक्षीबाहेरची मलमल कात्रीने कापून काढायची. खालची जाळी कापली गेली तर कित्येक दिवसांचे काम फुकट. त्यासाठी टोकाला बारीक गाठ असलेली खास कात्री वापरतात.

यातली जाळी हाताची नाही. ती यंत्राची आहे. जॉन हीथकोट नावाच्या इंग्रज कारागिराने १८०८ मध्ये जाळी विणणारे यंत्र बनवले. जाळी स्वस्त झाली म्हणूनच तिच्यावर हाताने नक्षी भरण्याचा नवा धंदा उभा राहिला. १८२९ मध्ये चार्ल्स वॉकर नावाच्या इंग्रजाने लिमरिकला सोबत चोवीस शिक्षिका आणून लेसचा कारखाना काढला, तोही याच जाळीच्या जोरावर. लिमरिकच्या कामात चौकटीवर जाळी ताणून आकडीच्या सुईने साखळीटाका घालतात. युरोपात ही पद्धत अठराव्या शतकात पूर्वेकडून, बहुधा हिंदुस्थानातून आली असे मानले जाते. आज पुण्या-मुंबईत ब्लाऊजवर जे आरीकाम करून घेतात, त्याची ही लांबची बहीण.

कॉर्क परगण्यातल्या यॉल गावची गोष्ट मला, एक इंजिनिअर म्हणून, सर्वांत आवडते. तिथल्या प्रेझेंटेशन कॉन्व्हेंटमधल्या मदर मेरी ॲन स्मिथ यांच्या हाती जुन्या इटालियन लेसचा एक तुकडा आला. ती कशी करतात हे सांगणारे कोणी नव्हते. त्यांनी तो तुकडा टाका टाका उसवला, प्रत्येक टाका कसा पडला आहे हे समजून घेतले, आणि मग सुईकामात तरबेज असलेल्या मुलींना शिकवले. आमच्या धंद्यात याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. १८५२ मध्ये यॉलची लेसशाळा रीतसर सुरू झाली. मॉनहनमधल्याच क्लोनिस गावात १८४७ मध्ये कॅसँड्रा हँड या पाद्र्याच्या पत्नीने क्रोशाचे काम सुरू केले. क्रोशे लवकर शिकता येतो आणि लवकर हातावेगळा होतो, म्हणून भुकेल्या घराला तोच पहिल्यांदा उपयोगी पडला.

नक्षी कोणाची?

इथपर्यंतची गोष्ट सुखाची वाटते. पण इथेच माझा दुसरा प्रश्न येतो. आराखडा कोणी काढला?

क्लोनिसचे उत्तर चांगले आहे. तिथे नक्षी बायकांच्या घरातलीच होती. कुणी गुलाब करायचे, कुणी नेच्याचे पान, कुणी शामरॉक. हे सुटे तुकडे मग गाठींच्या जाळीने जोडले जायचे. एकेक नक्षी एकेका घराण्याची मानली जाई आणि ती आईकडून मुलीकडे जाई. बांधावर दिसणारी फुले-पानेच त्यांनी दोऱ्यात आणली.

इतर बऱ्याच ठिकाणी मात्र नक्षी वरून यायची. मालकीणबाई किंवा दुकानदार जो कागद देईल तो गिरवायचा. एका कागदावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा अशी नक्कल होत होत रेषा बिघडत गेल्या. १८८३ मध्ये कॉर्कला औद्योगिक प्रदर्शन भरले. तिथल्या लेसबद्दल जाणकारांचे मत पडले की टाका उत्तम आहे, पण नक्षी शिळी आणि विस्कळीत. ज्या बायका इतका सूक्ष्म टाका घालत होत्या, त्यांना कोणी चित्रकला शिकवलेलीच नव्हती.

हे ओळखून प्रत्यक्ष काही करणारा माणूस म्हणजे कॉर्कच्या कलाशाळेचे मुख्याध्यापक जेम्स ब्रेनन. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातले ॲलन कोल यांची त्यांना साथ मिळाली. नव्या नक्ष्या विकत घेऊन कॉन्व्हेंटांना पुरवणे हा त्यांचा एक मार्ग होता. दुसरा मार्ग मला जास्त मोलाचा वाटतो. किन्सेल, केनमेअर अशा ठिकाणच्या कॉन्व्हेंटांतच त्यांनी कलाशाळेचे रेखाटनाचे वर्ग सुरू केले. सुई धरणाऱ्या बोटांत पेन्सिल आली. लेसचा दर्जा सुधारला, आणि शतकाच्या अखेरीस आयरिश लेसला पुन्हा चांगले दिवस आले.

अर्थात फायदा सगळ्यांना सारखा मिळाला नाही. १९११ मध्ये राणी मेरीसाठी यॉलच्या लेसचा लांब दरबारी पदर तयार झाला. त्याच वर्षी ही राणी पंचम जॉर्जबरोबर दिल्ली दरबारासाठी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरली आणि तिथे पुढे गेटवे ऑफ इंडिया उभा राहिला. १९८१ मध्ये डायनाच्या लग्नाच्या पोशाखावर याच राणी मेरीच्या मालकीची जुनी कॅरिकमॅक्रॉस लेस लावली होती. २०११ मध्ये केट मिडलटनच्या पोशाखासाठी कॅरिकमॅक्रॉसचीच रीत वापरली गेली. पोशाख नेसणाऱ्यांची नावे जगाला ठाऊक आहेत. टाके घालणाऱ्यांची फारशी कुठे नोंदच नाही. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? आजीची पैठणी कोणत्या दुकानातून घेतली हे घरात सगळ्यांना माहीत असते, पण ती कोणी विणली हे कोण सांगू शकेल?

याहून कडू गोष्ट लिमरिकची. तिथल्या गुड शेफर्ड कॉन्व्हेंटची लेस प्रसिद्ध होती. याच आवारात ‘मॅग्डेलन’ धुलाईघर होते. घरच्यांनी टाकलेल्या, अविवाहित माता झालेल्या किंवा नुसत्याच ‘बिघडण्याची भीती’ असलेल्या बायका-मुलींना अशा धुलाईघरांत वर्षानुवर्षे कोंडून बिनपगारी राबवले गेले. देशातले शेवटचे धुलाईघर डब्लिनमध्ये १९९६ साली बंद झाले आणि २०१३ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत सरकारतर्फे माफी मागितली. लिमरिकच्या त्या इमारतीत आज कला आणि डिझाइनचे महाविद्यालय आहे. तिथल्याच एका विद्यार्थिनीने त्या धुलाईघरातल्या बायकांच्या आठवणी त्यांच्या तोंडून ऐकून नोंदवून ठेवल्या. काम तेच आणि हातही तसेच. बाईला त्या कामातून बाहेर पडण्याची मुभा होती की नव्हती, यावर ते उपकारक ठरले की जाचक हे ठरले.

डंड्रमचा छापखाना

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीन बायकांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवायचे ठरवले. एव्हलिन ग्लीसन, आणि कवी येट्स यांच्या दोन बहिणी, लिली आणि लॉली. ग्लीसनबाईंच्या वडिलांनी अथलोनला लोकरीची गिरणी काढली होती. लिली लंडनमध्ये विल्यम मॉरिस यांच्या कन्येच्या हाताखाली सहा वर्षे भरतकाम करून आली होती. लॉली चित्रकलेची शिक्षिका होती. ती छपाईचे थोडे शिक्षण लंडनमध्ये घेऊन आली. वनस्पतिशास्त्रज्ञ ऑगस्टीन हेन्री यांनी ५०० पौंड उसने दिले आणि १९०२ मध्ये डब्लिनजवळच्या डंड्रममध्ये ‘डून एमर’ नावाची संस्था उभी राहिली. एमर ही आयरिश पुराणकथेतल्या कुहुलिन या वीराची पत्नी, सुईकामासाठी नावाजलेली. डून म्हणजे गढी.

इथे भरतकाम, गालिचे विणणे आणि छपाई असे तीन विभाग होते आणि कामाला सगळ्या आसपासच्या मुली. तीन वर्षांत त्यांची संख्या तीसच्या घरात गेली. या मुलींना हातकामाबरोबर चित्रकला, स्वयंपाक आणि आयरिश भाषाही शिकवली जाई. डंड्रम आता डब्लिनचे उपनगर झाले आहे. तिथल्या मोठ्या बाजारपेठेत आपल्यापैकी अनेकजण दर शनिवारी जातात. शंभर वर्षांपूर्वी त्याच परिसरात दुसऱ्या हाताने घेतलेल्या लोखंडी हातयंत्रावर मुली पुस्तके छापत होत्या. खिळे जुळवण्यापासून शाई लावण्यापर्यंत सगळे बायकांचे हात. १९०३ मध्ये येट्स यांचा कवितासंग्रह हे त्यांचे पहिले पुस्तक बाहेर पडले. गॉलवे परगण्यातल्या लॉखरेच्या कॅथेड्रलसाठी संतांची चित्रे भरलेले ध्वज याच भरतकाम विभागाने केले. ते आजही तिथल्या संग्रहात आहेत.

ग्लीसनबाई आणि येट्स भगिनी यांचे पटले नाही. आपल्या मंडळांचा अनुभव असणाऱ्यांना याचे नवल वाटू नये! १९०८ मध्ये बहिणी वेगळ्या झाल्या आणि त्यांनी ‘कूला’ या नावाने आपला छापखाना व भरतकाम चालू ठेवले. पैशाची ओढाताण कायमची होती. कोणते पुस्तक छापायचे यावरून भावाबहिणीत खटके उडत, आणि कर्ज चढले की भावालाच हात पुढे करावा लागे. तरीही लॉली १९४० मध्ये वारली तोवर ती छापत राहिली. डून एमर आणि कूला मिळून सत्तरहून अधिक पुस्तके निघाली.

त्यातले एक आपल्या जिव्हाळ्याचे आहे. रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ हे नाटक मे १९१३ मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात इंग्रजीतून झाले. तो प्रयोग पॅट्रिक पिअर्स यांच्या शाळेच्या मदतीसाठी होता. हेच पिअर्स पुढे १९१६ च्या उठावात फासापर्यंत नव्हे, बंदुकीच्या गोळ्यांपर्यंत गेले. १९१४ मध्ये कूलाने ते नाटक पुस्तकरूपात काढले, प्रती फक्त ४००. राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी बंगाली मुलाची गोष्ट आयरिश मुलींनी एकेक खिळा जुळवून छापली.

केडगावचा छापखाना

हे वाचताना माझे मन पुण्याजवळच्या केडगावला गेले. डंड्रमच्या थोडे आधी आणि पुष्कळ अधिक कठीण परिस्थितीत पंडिता रमाबाईंनी तिथे जे केले, त्याची गोष्ट हिच्याशी फार जुळते.

रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला हलवले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या अनाथ, उपाशी मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी आणल्या. त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. तिथे विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, शेती अशी कामे मुली शिकल्या. त्यांच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात मोठे वादळ झाले आणि तो वाद पूर्णपणे मिटलेला नाही. पण माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने एक गोष्ट नजरेत भरते. मुक्तीत छापखाना होता आणि तो बायका चालवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथेच जुळवले आणि छापले गेले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. ज्या मुलीला काही वर्षांपूर्वी अक्षरओळख नव्हती, तिने एवढ्या मोठ्या ग्रंथाचे खिळे जुळवायचे, म्हणजे अक्षरे उलटी वाचायची, ही मला कुठल्याही भरजरी कलाकृतीपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

ब्रेनन यांनी पेन्सिल दिली, येट्स भगिनींनी आणि रमाबाईंनी खिळे दिले. तिन्हीकडे गाभा एकच आहे. नुसते हाताला काम दिले तर माणूस त्या हंगामापुरता जगतो. कामाचा आराखडा वाचायला आणि काढायला शिकवले, तर तो पुढचे काम स्वतः शोधू शकतो.

गोधडीवर लिहिलेले

याची पुढची पायरी उत्तरेला डेरीत पाहायला मिळाली. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसे नाहीशी झाली, त्या बायका चिंध्या जोडून चित्रे शिवू लागल्या. त्यांना ‘अर्पियेरा’ म्हणतात. त्यात घर असे, डोंगर असे, आणि “आमची माणसे कुठे आहेत” हा प्रश्न असे. मूळच्या चिलीच्या आणि उत्तर आयर्लंडमध्ये राहणाऱ्या रोबेर्ता बाचिक यांनी २००८ मध्ये डेरीत अशा शिवणचित्रांचे आणि गोधड्यांचे प्रदर्शन भरवले. तीस वर्षांचा हिंसाचार सोसलेल्या त्या शहरातल्या बायकांना ही भाषा लगेच समजली, कारण डेरी हे शर्ट शिवणाऱ्या बायकांचेच शहर. इथे नक्षी वरून आलेली नव्हती. काय दाखवायचे हे शिवणारणीनेच ठरवले होते. आपल्या आयाआज्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत. कोणता तुकडा कुठे बसवायचा हे त्याच ठरवत, आणि त्या तुकड्यांतून सगळ्या घराचा इतिहास वाचता येई. आपण त्याला कधी कला म्हटले नाही, एवढेच.

आपला कागद

आता हा इतिहास आपल्याला कशासाठी? माझ्यासारखे अनेकजण परदेशात आले ते दुसऱ्याने आखलेल्या नक्षीत टाके घालायला. पहिली काही वर्षे माझे काम तेच होते. आराखडा वरून यायचा, तो का तसा आहे हे विचारायची सोय नसायची, आणि टाका बारीक पडला की शाबासकी मिळायची. आराखड्याच्या बैठकीत पहिल्यांदा बसायला मिळाले, तेव्हा पगार तेवढाच राहिला, पण माझी मान थोडी ताठ झाली. त्यामुळे कॉन्व्हेंटच्या वर्गात पहिल्यांदा पेन्सिल धरणाऱ्या मुलीला काय वाटले असेल याचा मला थोडासा अंदाज येतो.

आपल्या मंडळांत गावाकडच्या एखाद्या महिला बचत गटाला शिलाई यंत्रे द्यावीत, असा विषय अधूनमधून निघतो. जरूर द्यावीत. फक्त देताना एवढे विचारावे: या बायकांना माप घेऊन कापड बेतायला कोणी शिकवणार आहे का? नमुना कोण ठरवणार? मालावर नाव कोणाचे असणार, आणि किंमत सांगण्याचा अधिकार कोणाला? यंत्राच्या पावतीबरोबर या चार प्रश्नांची उत्तरे आली तर आपला पैसा कामी लागला असे समजावे.

आणि वाचकहो, उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅरिकमॅक्रॉसच्या बाजारचौकातली लेसची छोटी गॅलरी मुलांना अवश्य दाखवा. लिमरिक आणि कॅरिकमॅक्रॉस या दोन्ही लेस आता देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत आहेत. त्याच यादीत ट्रॅव्हलर या भटक्या समाजाची पत्र्याची कारागिरीही आहे, आणि या समाजाला स्वतंत्र वांशिक गट म्हणून सरकारी मान्यता मिळायला २०१७ साल उजाडावे लागले. लेस पाहताना पांढऱ्या नक्षीवर नजर ठरली की खालचा कागद कोणी काढला असेल, असे मुलांना एकदा विचारून पाहा.